धरणाच्या फुगवट्यात मरिना? हरकत घेण्याआधी उतार मोजा

धरणाच्या मागे पसरलेल्या पाण्यावर, म्हणजे फुगवट्यावर, मोठी मरिना (हौशी बोटींचा धक्का) येणार म्हटलं की गावाला चित्र दाखवतात ते सप्टेंबरातलं. काठोकाठ पाणी, तरंगत्या जेटीला लागलेल्या पांढऱ्या बोटी, मागे हिरवे डोंगर. मे महिन्याचं चित्र कुठल्याच फलकावर नसतं आणि गावाची खरी हरकत मे महिन्यातच असते.

समुद्राच्या छोट्या बंदरात ओहोटी लागली तरी सहा तासांत पाणी परत वर चढायला लागतं. धरणातली ओहोटी आठ महिन्यांची. पावसाळा सरला की आवर्तनं (शेतीसाठी कालव्याचं पाणी) सुटतात, पिण्याचं पाणी उचललं जातं, उन्हाने उडतं ते वेगळंच. पाणी जूनपर्यंत खाली खालीच जातं. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचंच बघा: साठवण 5,630 दलघफू (दशलक्ष घनफूट), आणि नाशिक शहर त्यातलंच पाणी पितं. त्यामुळे कोकणातल्या मरिनाचा आराखडा जसाच्या तसा इथे आणला तर तो पहिल्याच उन्हाळ्यात चिखलात बसतो. हे नुसतं म्हणून कुणी ऐकत नाही, मोजून दाखवावं लागतं. सुदैवाने ते मोजायला इंजिनिअर लागत नाही.

गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या, साधारण 20 मीटर. दोन सरळ काठ्या घ्या आणि त्यांवर खालपासून वर मापाची टेप चिकटवा. पहिली काठी पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेषेवर उभी करा. ही रेषा ओळखू येते: तिथे गवत-झुडपं संपतात, खडकावर पांढुरका पट्टा असतो. दुसरी काठी पाण्याच्या दिशेने 15 मीटरवर. नळीत पाणी भरून दोन्ही टोकं काठ्यांना लावा आणि पाणी कुठे थांबतं ते दोन्हीकडे वाचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तेवढ्या अंतरातला उतार. मग पहिली काठी दुसरीच्या जागी आणायची आणि पुढचे 15 मीटर घ्यायचे.

चुका दोनच ठिकाणी होतात. नळीत बुडबुडा राहिला तर आकडा फसवतो, म्हणून सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी एका पातळीत येतं का ते बघा. येत नसेल तर नळीला टिचक्या मारत बुडबुडा वर काढा. दुसरं म्हणजे जागा बदलताना पाणी सांडू नये म्हणून टोकावर अंगठा ठेवतात आणि वाचताना एकाचा अंगठा तसाच राहतो. अंगठे दोघांनीही काढल्याशिवाय पाणी खरी पातळी दाखवत नाही.

समजा 150 मीटर चालल्यावर एकूण 5 मीटर उतार भरला. म्हणजे 30 मीटरला 1 मीटर. या काठावर पातळी 10 मीटर उतरली की पाणी 300 मीटर मागे जाणार. जेटीपर्यंत जाणारा पूल म्हाताऱ्या माणसांना आणि व्हीलचेअरला चालेल असा ठेवायचा तर 12 मीटरला 1 मीटर उतार धरतात, म्हणजे 10 मीटरसाठी 120 मीटर लांबीचा पूल. तोवर पाणी त्याच्याही पुढे गेलेलं असतं! मग चालवणाऱ्यापुढे दोनच वाटा राहतात. एक तर नांगर, साखळ्या, विजेच्या केबली, सगळं उचलून जेटी पाण्यामागे सरकवत न्यायची, नाही तर धरणाच्या तळात बोटींसाठी चर खणायचा. चराच्या बाजू पुढच्या पावसाळ्यात ढासळतात, गाळ परत भरतो, दरवर्षी खणणं आलं. यातली कुठली वाट धरणार आणि निघालेला गाळ कुठे टाकणार, हा हरकतीतला पहिला प्रश्न. उत्तर लेखीच मागायचं.

आता त्या 300 मीटरच्या पट्ट्यात काय असतं? बाहेरच्या माणसाला ती पडीक जमीन वाटते. पाणी ओसरेल तसा तिथे गाळपेरा होतो, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात. बुडीत क्षेत्रातली ही जमीन हंगामापुरती भाडेपट्ट्याने दिली जाते आणि त्यात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असतं. ज्यांची मूळ शेतं पाण्याखाली गेली, त्यांच्या हातात उरलेली ती शेवटची ओली माती. तिच्यावर पार्किंग आणि रस्ता आखणं हा माझ्या मते या योजनांमधला सगळ्यात मोठा अन्याय आहे आणि कागदावर तो कुठेच दिसत नाही. याच पट्ट्यातून उचल पाण्याचे पाइप जातात. बोटींच्या लाटांनी काठचा गाळ ढवळला की फूटव्हॉल्व्हची (पाइपच्या पाण्यातल्या तोंडाला असलेल्या झडपेची) जाळी चोंदते, मोटर हवा ओढते. मच्छीमार संध्याकाळी जाळी लावून पहाटे काढतात. पाण्यावर दिसतात ते नुसते फ्लोट. वेगात जाणाऱ्या बोटीच्या पंख्यात जाळं आलं तर जाळंही गेलं आणि त्या रात्रीची मासळीही. म्हणून नकाशावर गाळपेऱ्याचे गट, प्रत्येक मोटरची जागा आणि जाळ्यांच्या जागा खुणा करून हरकतीला जोडा. शहराचं पाणी उचलण्याची जागा जेटीपासून किती लांब आहे, तेही लिहा. डिझेल कुठे भरणार आणि हॉटेलचं सांडपाणी कुठे जाणार हे प्रश्न त्या अंतराशी बांधलेले आहेत.

कायद्याच्या बाजूला बऱ्याच जणांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. पाणथळ संवर्धन नियम, 2017 चा आधार घेऊन निवेदन देतात, पण पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय या नियमांच्या व्याख्येतूनच वगळले आहेत. नांदूरमध्यमेश्वरची गोष्ट वेगळी: तोही बंधाऱ्यामुळे तयार झालेला जलाशय, पण राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आणि शिवाय अभयारण्य, त्यामुळे तिथे संरक्षण आहे. दुसरा गैरसमज जनसुनावणीचा. ‘सुनावणी लागेल तेव्हा बोलू’ म्हणून लोक थांबतात. पर्यावरण आघात अधिसूचना, 2006 प्रमाणे बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या खाली असेल तर बांधकाम म्हणून पर्यावरण मंजुरीच लागत नाही. त्याच्या वर असलं तरी बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे जिची वाट बघायची ती सुनावणी येतच नाही. टप्पा एक, टप्पा दोन असे तुकडे पाडलेले दिसले तर सगळ्या टप्प्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज करून हरकतीत मांडा. सांडपाण्यासाठी जल अधिनियम, 1974 खाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती मात्र घ्यावी लागते. तिथे आपलं म्हणणं वेळेत पोचवता येतं.

कागद माहिती अधिकारातून काढा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द अशी मर्यादा आहे, म्हणून अर्ज तोडून करा: जलसंपदाकडे जागेचा करार आणि गेल्या 10 वर्षांची महिनावार पाणीपातळी, मंडळाकडे संमतीचा अर्ज, पर्यटन खात्याकडे आराखडा. पातळीचा तक्ता आला की नळीने काढलेला उतार त्याच्या शेजारी ठेवायचा. मग पाणी कुठल्या महिन्यात जेटी सोडून जातं ते कुणालाही वाचता येतं.

ग्रामसभेचा ठराव घेताना गणपूर्ती बघा: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या. हजेरीवर सह्या नसतील तर ठराव पुढे टिकत नाही. ‘प्रकल्पाला विरोध आहे’ एवढं एक वाक्य लिहू नका, गट क्रमांक आणि पाणीपातळीचे आकडे ठरावातच घाला. एका मजकुराच्या 500 झेरॉक्स देण्यापेक्षा वेगवेगळ्या नुकसानीच्या 20 हरकती बऱ्या. सारखा मजकूर एकत्र करून एकाच उत्तरात निकाली काढता येतो. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पुण्याच्या हरित लवादात (पर्यावरणाच्या वादांसाठीच्या न्यायाधिकरणात) जायची वेळ आली तर लवादाच्या कायद्याच्या कलम 14 खाली वाद उद्भवल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर 30 दिवसच, म्हणून तारखा डायरीत ठेवा.

सगळं करूनही प्रकल्प थांबेलच असं नाही. मुंबईत गेटवे ऑफ इंडियाजवळच्या रेडिओ क्लब जेटीला कुलाब्यातल्या रहिवाशांनी विरोध केला. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने काम होऊ दिलं, पण ॲम्फीथिएटर फक्त प्रवाशांना थांबण्यासाठी वापरायचं, कॅफेमध्ये जेवणावळी नकोत, अशा अटी घातल्या. म्हणून हरकतीच्या शेवटी पर्यायी मागण्याही लिहून ठेवा: वल्ह्याच्या किंवा बॅटरीच्या बोटी, काठापासून वेगमर्यादा, जाळी लावलेल्या भागात संध्याकाळनंतर बोट बंद, पाणी उचलण्याच्या जागेभोवती बोटींना मनाई, काठावर डिझेल साठवण नाही, आणि गाळपेऱ्याचे गट आराखड्यातून वगळलेले. या मागण्या ठरावात वेगळ्या क्रमांकाने घ्या, म्हणजे ‘गावाने अटींवर संमती दिली’ असा त्यांचा अर्थ लावता येणार नाही.