वासराला जोडीदार पाहिजे

मागच्या डिसेंबरात आमच्या गोठ्यात पाच दिवसांच्या अंतराने दोन कालवडी झाल्या, दोन्ही एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या संकरित. गाव अमळनेर तालुक्यात, सात गाई, दूध दोन्ही टाइम डेअरीला जातं. त्या दोघींना मी गोठ्याच्या दोन टोकांना बांधलं होतं, मधे भिंत आणि कुट्टी मशीन, एकमेकींना दिसणारसुद्धा नाहीत अशा.

कारण पण तसंच होतं. आदल्या वर्षी एक वासरू हगवणीने चार दिवसांत गेलं, तेव्हापासून डोक्यात बसलं की वासरं जवळ ठेवली की एकाचं दुसऱ्याला लागतं. त्याआधी 2022 ला लम्पी, म्हणजे अंगावर गाठी आणणारा जनावरांचा साथरोग, आला तोही राज्यात आपल्याच जळगाव जिल्ह्यात रावेरकडून सुरू झाला, तेव्हा ज्याने त्याने आपलं जनावर लांब नेऊन बांधलं. ती भीती अजून गेलेली नाही आणि ती खोटीपण नाही.

पण मोठी कालवड, चंद्री, तीन आठवड्यांची झाली तरी खुराकाला तोंड लावेना. दूध प्यायची आणि मग दोर ताणून उभी राहायची, घमेल्यातला भरडा तसाच, संध्याकाळी त्यावर मुंग्या. मी बोटाला लावून तोंडात घालायचो, ती जिभेने बाहेर ढकलायची. आई दोन दिवस बघत होती, मग म्हणाली, "एकलं वासरू काय खाई रे?"

मग बांबू लावून दहा बाय दहाचा कोपरा अडवला, खाली कोरडा भुसा टाकला आणि दोघींचे दोर सोडून आत घातल्या. पहिला दिवस नुसतं हुंगण्यात गेला. तिसऱ्या दिवशी धाकटी गंगी घमेल्यात तोंड घालून मागे सरली, नाकावर भरडा चिकटलेला, चंद्रीने तो चाटला, परत चाटला, आणि मग सरळ घमेल्यातच तोंड घातलं. मी बादली हातात धरून तसाच उभा होतो, खरंच डोळ्यांत पाणी आलं. रात्री थंडी होती तर दोघी पाठीला पाठ लावून बसलेल्या.

नंतर मी यावर बरंच वाचलं. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात यावर वर्षानुवर्षं काम चालू आहे. तिथे काही वासरांची जोडी सहाव्या दिवशी लावली, काहींची थेट 43 व्या दिवशी, तर लवकर जोडी लागलेल्यांनी खुराक जास्त खाल्ला आणि वजनही जास्त धरलं. दुसऱ्या एका प्रयोगात वासरांना रंग ओळखायला शिकवलं, या रंगाकडे गेलं तर दूध, त्या रंगाकडे नाही, आणि मग नियम उलटा केला. जोडीने वाढलेली वासरं नवा नियम शिकली, एकटी वाढलेली बरीचशी जुन्यातच अडकली. म्हणजे एकटं ठेवलेलं वासरू नुसतं उदास नसतं, त्याचं शिकणंच मागे पडतं. युरोपीय संघाच्या देशांत तर आठ आठवड्यांनंतर वासरू एकटं कोंडून ठेवायला कायद्यानेच मनाई आहे.

खुराकाचं एवढं महत्त्व का, तर गाईच्या पोटाला चार कप्पे, त्यातल्या चौथ्यात दूध थेट जातं, आणि चारा पचवणारं पहिलं मोठं कोटीपोट वाढतं ते भरडा आत जाऊन आंबल्यावर. खुराक न खाता दूध तोडलं की वासरू खंगतंच.

आता रोगाचं. जोडी म्हणजे गर्दी नव्हे. एकाच वयाची दोन-तीन वासरं ठीक, पण लहान-मोठी दहा-बारा एकत्र कोंडली की खोकला, न्यूमोनिया येणारच. आणि पहिल्या दोन तासांत चीक पोटभर, वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, नाळेला आयोडीन, खालचा भुसा कोरडा, हे नसेल तर एकटं बांधूनही हगवण लागते. आमचं ते वासरू एकटंच होतं की! त्याला चीक उशिरा मिळाला होता, हे मी आज कबूल करतो.

एक त्रास मात्र झाला, दूध पिऊन झालं की दोघी एकमेकींचे कान आणि नाळेची जागा चोखायच्या. बादली बंद करून निपलची बाटली आणली, दूधही वाढवून दिवसाला सहा लिटर केलं, प्यायल्यावर दहा मिनिटं निपल तोंडातच राहू द्यायचं आणि लगेच समोर भरडा. आठवड्यात चोखणं जवळपास थांबलं. दोघी रोज किलोभर खुराक खायला लागल्या तेव्हाच दूध हळूहळू तोडलं, हंबरणं नाही की काही नाही. त्यांची वाढ आमच्या आधीच्या सगळ्या वासरांपेक्षा चांगली आहे, अर्थात दूधही वाढवलं होतं त्यामुळे सगळं श्रेय जोडीला देणार नाही.

या आठवड्यात तिसरी गाय व्यायली, गोऱ्हा आहे, आणि त्याच्या वयाचं घरात कोणी नाही. शेजारच्या भाऊंकडे आठ दिवसांनी मोठी कालवड आहे, तीपण एकटीच खुंट्याला. दोन दिवस बोललो, ते तयार झालेत. उद्या सकाळी तिचं शेण बघून, अंगावर गाठी नाहीत ना, ताप नाही ना ते तपासून इकडे आणतोय, भुसा आजच अंथरून ठेवलाय.