वाघाटीचं पिल्लू
काल काजूत गवत कापताना वाघाटीचं पिल्लू मिळालं, मुठीत मावेल एवढं. मोठी वाघाटी पण दीडेक किलोचीच, जगातल्या सगळ्यात छोट्या रानमांजरांपैकी एक. लगेच १९२६ वर फोन केला, वनखात्याची माणसं सकाळी येतो म्हणाली, गाईचं दूध अजिबात नको म्हणून बजावलं, मग बाटलीत गरम पाणी भरून शेजारी ठेवली तर तिलाच बिलगून झोपलं बिचारं. लेक रडत होती, पाळूया ना बाबा, माझाही जीव गुंतला होता खरंतर, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पाळता येत नाही आणि तिकडे आई शोधत असणार. आज संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवलं, लांब दबून बसलो. साडेसातला आली. मानेला धरून करवंदीच्या जाळीत गेली. लेकीनं माझा हात घट्ट धरलेला.