मोठ्या देणग्या मागायला पगारी माणूस

बडोद्यातल्या आमच्या शिक्षण ट्रस्टनं अखेर मोठ्या देणगीदारांशी बोलायला एक पूर्णवेळ, पगारी माणूस नेमला. वाक्य लिहायला सोपं आहे. पण त्यावरून विश्वस्तांच्या बैठकांमध्ये जेवढा आवाज चढला तेवढा कोविडच्या काळात अभ्यासिका बंद ठेवायच्या की नाही यावरही चढला नव्हता.

मी या ट्रस्टची चिटणीस. काम आमचं छोटंच. मकरपुरा, वाडी आणि तांदळजा भागांत अभ्यासिका, आणि छोटा उदेपूरकडून कॉलेजसाठी शहरात येणाऱ्या मुलींना फी व हॉस्टेलचा खर्च. पाचशे-हजार देणारे लोक पुष्कळ आहेत, अधूनमधून एखाद्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेला पैसा, मिळतो, आणि दोन-तीन घरं अशी की जी वर्षाला लाखांत देतात. या घरांचा सगळा हिशेब अण्णांच्या डोक्यात. अण्णा म्हणजे आमचे सर्वांत जुने विश्वस्त, ऐंशी ओलांडलेले, दांडिया बाजारात वाढलेले. त्यांतल्या एका घरचे शेठ वारले आणि मुलानं कारभार हाती घेतला. मुलगा सज्जन, पण त्याला आम्ही कोण हेच ठाऊक नव्हतं. वडील कशासाठी देत होते, त्यांना कशात रस होता, यावर दाखवायला पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींपलीकडे कागद नव्हता. माणूस नेमायचा विषय मी तेव्हा काढला.

पहिला आक्षेप पगारावर, आणि तो खरा होता. “अभ्यासिकेतल्या शिक्षिकेला आपण अठरा हजार देतो आणि पैसे मागणाऱ्याला पन्नास?” हे विचारणारी विश्वस्त स्वतः निवृत्त मुख्याध्यापिका. मी म्हटलं, अठरा हजार ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहेच, पण पन्नासचे तीस केल्यानं अठराचे वीस होणार नाहीत. शिक्षिकांचे पगार सीएसआरमधून कायमचे वाढत नाहीत. कंपनीचा प्रकल्प संपला की पैसा संपतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना सीएसआरमधून कॉर्पसला, म्हणजे संस्थेच्या कायमनिधीला, देताही येत नाही. ज्याच्या व्याजावर पगार चालेल असा कायमनिधी उभा करायचा तर तो व्यक्तींकडूनच यायला हवा. मुख्याध्यापिकाबाईंना हे पटलं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी विरोध नोंदवून मतदानात होकार दिला.

दुसरा आक्षेप अण्णांचा. “आपण बडोद्याची माणसं. महाराजांच्या गावात शिक्षणासाठी दारोदार फिरायला नोकर ठेवायचा?” आता बडोद्याच्या मराठी माणसाशी वाद घालताना सयाजीरावांचं नाव निघालं की समोरच्याची अर्धी बाजू आधीच पडते. १८९३ साली अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात, १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला जायला शिष्यवृत्ती. हे ऐकतच आम्ही मोठे झालो. पण याचा एक तोटाही झाला असं मला वाटतं. चांगलं काही व्हायचं तर ते राजवाड्यातून येईल, ही सवय आमच्या दोन-तीन पिढ्यांना लागली. मागणं म्हणजे अर्ज करणं. शेजाऱ्याच्या घरी जाऊन ‘तुम्ही यात या’ म्हणणं आम्हाला जमत नाही. आणि राजानं दिलं म्हणून गावानं दिलं असं होत नाही. शिकून परतलेल्या त्याच आंबेडकरांना १९१७ मध्ये याच शहरात राहायला खोली मिळाली नाही. तेव्हा त्यांनी जिथं बसून अस्पृश्यता संपवायचा संकल्प केला ती संकल्पभूमी कमाटीबागेतच आहे, अण्णा रोज सकाळी तिथं फिरायला जातात.

अण्णा मग पुण्याकडे वळले. “कर्व्यांनी ठेवला होता का पगारी माणूस?” नव्हता ठेवला. गणिताचा प्राध्यापक स्वतः वर्गणी मागत फिरला. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं आणि १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावानं १५ लाख दिले, तेव्हा कुठं ते पायावर उभं राहिलं. मी एवढंच विचारलं, “अण्णा, आपल्यात कर्वे कोण आहे? तुम्ही की मी?” ते हसले. ठराव त्या दिवशी झाला नाही, पण गाडी पुढं सरकली.

तिसरा मुद्दा आमच्या खजिनदारांचा. ते गुजराती, सीए, अतिशय सरळ माणूस. “बेन, पगार शुं काम? दस टका आपी दो. लावशे तो कमाशे.” म्हणजे पगार कशाला, आणलेल्या पैशातले दहा टक्के द्या, आणेल तर कमावेल. ऐकायला किती वाजवी! ट्रस्टला धोका शून्य. यावर मात्र मी अडून बसले. फंडरेझरांच्या एएफपी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत टक्केवारीवर काम करायला सरळ मनाई आहे, हे मी वाचून दाखवलं. पण खजिनदारांना पटायला लागले ते साधे प्रश्न. एखाद्या बाईनं नवऱ्याच्या स्मरणार्थ दहा लाख दिले आणि विचारलं, यातले मुलींपर्यंत किती पोचतील, तर ‘एक लाख आमच्या माणसाचे’ हे कुठल्या तोंडानं सांगणार? अण्णांची वीस वर्षांची ओळख आणि या नव्या माणसाच्या दोन भेटी यांतून आलेल्या चेकचे दहा टक्के कुणाचे? आणि टक्केवारीवरचा माणूस तीन वर्षांनी येऊ शकणारे वीस लाख सोडून या मार्चमधल्या पन्नास हजारांमागं धावणार. त्याचंही घर आहे, तो धावणारच. शेवटी ठरलं ते असं: पगार ठरलेला, आणि वर्षाच्या शेवटी बघायचं की किती घरांशी नवी ओळख झाली, जुने किती पुन्हा आले, कबूल केलेला अहवाल वेळेवर गेला का. रक्कमही बघायची, पण पहिल्या वर्षी ती एकटी नाही.

जाहिरात दिली. अर्ज आले विमा एजंटांचे, औषध कंपन्यांच्या एमआरचे, बँकांच्या रिलेशनशिप मॅनेजरांचे, एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागातल्या गृहस्थांचे. एमआर मला आवडले. डॉक्टरच्या दाराबाहेर बसायची सवय असलेला माणूस नकाराला भीत नाही. ज्यांच्यापासून मी सावध झाले ते दुसरेच. ‘माझ्या फोनमध्ये अलकापुरीतले एवढे-एवढे उद्योगपती आहेत’ असं पहिल्या पाच मिनिटांत सांगणारे. एका संस्थेची यादी घेऊन आमच्याकडे येणारा उद्या आमची घेऊन तिसरीकडे जाईल, यात मला शंका नाही. खजिनदार अशा एकावर फार खूश होते.

मुलाखतीत मी सगळ्यांना सारखेच दोन प्रश्न विचारले. एक: डिसेंबरात चरोतरकडचा, म्हणजे आणंद-खेडा भागातला, एक पाहुणा भेटतो, अमेरिकेत असतो, दहा लाख देतो म्हणतो. पुढं काय कराल? बहुतेकांनी कार्यक्रम आखला, सत्कार, शाल, पाटीवर नाव. मला ऐकायचं होतं ते एवढंच, की आधी पासपोर्ट कुठला ते विचारेन. भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर, हातात भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, पैसा एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येतो. आमच्याकडे ती नोंदणी नाही, म्हणजे आम्हाला तो घेताच येत नाही. एकानं तोडगा काढला की इथल्या चुलतभावाच्या खात्यातून फिरवून घेऊ. त्याला चहा पाजून पाठवलं.

दुसरा प्रश्न: कुणी म्हणालं, चेक देतो, पण अर्धे रोख परत करा. या प्रश्नावर उमेदवाराचा चेहरा बघायचा असतो. काही जण खरोखर दचकले. काही जण माझ्याकडे बघून अंदाज घेत राहिले, की या बाईला कुठलं उत्तर हवंय.

त्यानंतर चौघांना एकेका संध्याकाळी मकरपुऱ्याच्या अभ्यासिकेत बसवलं आणि सांगितलं, जे बघाल त्यावरून एका देणगीदाराला एक पान पत्र लिहा. मराठी, गुजराती, हिंदी, जी भाषा येते ती. तीन पत्रांमध्ये अंधार होता, प्रकाश होता, वंचितांची फुलं होती. चौथं पत्र गुजरातीत होतं आणि त्यात आमचं हजेरीचं रजिस्टर होतं. त्या उमेदवार बाईनं लिहिलं होतं, की मुलगे नऊला, अभ्यासिका बंद होताना, सही करून निघतात, आणि मुली साडेसातला. कारण विचारलं तर मुली म्हणाल्या, अंधार पडल्यावर जीआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, रस्त्यानं एकटं कोण जाणार. म्हणजे मुलींना रोज दीड तास कमी. एक बाई नेमून मुलींना घोळक्यानं घरापर्यंत सोडायचं तर महिन्याला इतका खर्च, वर्षाला इतका, तो तुम्ही द्याल का? पत्र संपलं. रजिस्टर टेबलावर उघडंच असतं, कुणीही बघावं.

तिला घेतलं. ती आधी एका सहकारी पतपेढीत वसुलीला होती, ही गोष्ट मुख्याध्यापिकाबाईंना अजून खुपते. मला मात्र यातच गंमत वाटते. वसुलीतल्या माणसाला लोकांच्या घरात कुठल्या वेळी जाऊ नये हे पक्कं ठाऊक असतं.

पहिले काही महिने तिनं कुणाकडे एक रुपयाही मागितला नाही. ती अण्णांबरोबर बसून त्यांच्या डोक्यातलं कागदावर उतरवत होती. खजिनदार दर आठवड्याला मला फोन करून विचारायचे, “आव्युं कंई?” काही आलेलं नसायचं. मग तिनं वर्षाचं एक वेळापत्रक मांडलं. दिवाळीपासून लाभपाचमपर्यंत व्यापाऱ्याकडे फिरकायचं नाही. पितृपक्षात आईवडिलांच्या नावानं देणारी मराठी घरं. डिसेंबर-जानेवारीत परदेशातून आलेले लोक, पासपोर्टचा प्रश्न सांभाळून. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करायचीच नाही, कारण तेव्हा सगळे ट्रस्ट एकाच दारात उभे असतात. करसवलतीवर विसंबू नका, हेही तिनंच आम्हाला सांगितलं. नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला देणगीवरच्या सवलतीचा काही उपयोग नाही. दोन हजारांवर रोख दिली तर जुन्या प्रणालीतही सवलत नाही. पॅन मात्र घ्यायचाच, कारण २०२१-२२ पासून ३१ मेपर्यंत देणगीदारांचा तपशील आयकर खात्याकडे भरल्याशिवाय त्यांना प्रमाणपत्र मिळत नाही, आणि जूनमध्ये ‘प्रमाणपत्र कुठंय’ म्हणून फोन करायला लागलेला माणूस पुढच्या वर्षी देत नाही.

एक गोष्ट नेमताना कुणी बोललं नव्हतं, ती आता विश्वस्तांना जड जाते आहे. सगळ्यांना वाटलं होतं, माणूस ठेवला, आता आपण सुटलो. उलट काम वाढलं. लाखांत देणारा माणूस पगारी कर्मचाऱ्याशी नीट बोलतो, चहा देतो, पण ‘हो’ म्हणताना त्याला विश्वस्त समोर हवा असतो. ज्यानं स्वतः खिशातून घातलेत असा. म्हणून तिनं नियम केला की पहिल्या भेटीला ती एकटी जाईल, दुसऱ्या भेटीला एक विश्वस्त बरोबर, आणि त्या विश्वस्तानं त्या वर्षी स्वतःची देणगी आधी भरलेली असावी. हा नियम तिनं बैठकीत शांतपणे वाचून दाखवला तेव्हा दोघांनी खिशातला मोबाईल काढून बघायला सुरुवात केली. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र तिथल्या तिथं पाच हजारांचा चेक लिहून दिला.

त्या शेठच्या मुलाकडे ती अण्णांना घेऊन गेली. त्यानं कॉर्पसला साफ नाही सांगितलं, पैसा बँकेत पडून राहणं त्याला मान्य नाही. पण मुलींना सोडणाऱ्या बाईचा पूर्ण वर्षाचा पगार दिला आणि तीन महिन्यांनी रजिस्टरचा फोटो पाठवा म्हणाला. अण्णांना हे थोडं लागलं, वडील कधी हिशेब मागत नसत. मला तो मुलगा आवडला.

कायमनिधी अजून फारसा उभा राहिलेला नाही. खजिनदारांनी येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर टक्केवारी पुन्हा घातली आहे, या वेळी ‘इन्सेंटिव्ह’ या नावानं. मी माझी बाजू मांडेन. तोवर भेटींची वही सुरू आहे. ती ट्रस्टची, तिची नाही, हे नेमणूकपत्रातच लिहिलंय. कुणाचं आजारपण, घरातली भांडणं, वाटण्या यांतलं काही वहीत लिहायचं नाही, हेही ठरलेलं आहे. कोण भेटलं, काय विचारलं, आपण काय कबूल केलं, पुन्हा कधी जायचं, एवढंच. मागच्या आठवड्यात सहज चाळली. रावपुऱ्यातल्या एका काकांच्या पानावर तिनं लिहिलंय: ‘देणगीचं आत्ता काढू नये. नातीला आपल्या अभ्यासिकेत शनिवारी गणित शिकवायला यायचंय. आधी तिला येऊ दे.’