कंटाळा? येतो की!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गेल्या रविवारी लिफ्टमध्ये माझ्या चिखलाने माखलेल्या बुटांकडे बघत तुम्ही म्हणालात, "अहो, पण इतके तास एकटीने डोंगरात पळायचं म्हणजे कंटाळा नाही का येत?" तेवढ्यात तुमचा मजला आला आणि मी नुसतीच हसले. हा प्रश्न मला हळदीकुंकवात विचारला गेला आहे, बँकेत विचारला गेला आहे, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझा जबडा उघडा असताना विचारला आहे. लोकांचा पहिला प्रश्न गुडघ्यांबद्दल असतो, दुसरा हा. गुडघे ठीक आहेत.

कंटाळा येतो. भयंकर येतो. तो यावा म्हणूनच मी जाते, पण हे तीन मजल्यांच्या अंतरात समजावून सांगता येण्यासारखं नाही.

माझं नेहमीचं ठिकाण म्हणजे राजगड ते तोरणा ही धार. संजीवनी माचीवरून खाली उतरायचं आणि डोंगरमाथ्याने चालत-पळत तोरण्याच्या बुधला माचीकडे जायचं. पाठीवर पाणी, खिशात गूळ-शेंगदाणे आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे. (पळणाऱ्यांसाठी मिळणारी ऊर्जेच्या जेलची पाकिटंही खाऊन पाहिली. गोड फेविकॉल.) पहिला तासभर मी डोंगरात नसतेच. डोकं घरी असतं. जाऊबाईंशी झालेलं भांडण पाचव्या किलोमीटरपर्यंत मी जिंकलेलं असतं, तेही दोनदा, वेगवेगळे मुद्दे काढून. मग गॅसचा नंबर, राहिलेली बिलं, मुलीची फी. ते संपलं की कुठल्यातरी बनियनच्या जाहिरातीची धून डोक्यात शिरते आणि अर्धा तास हलत नाही. ती गेली की मी पावलं मोजायला लागते. शंभर झाले की पुन्हा एक. आणि मग कधीतरी मोजायचाही कंटाळा येतो.

इथवर पोचायला मला साधारण तीन तास लागतात. पहाटे तीनचा गजर लावते तो याच्या पुढच्या भागासाठी.

तिथे साक्षात्कार वगैरे काही होत नाही, हे आधीच सांगून टाकते. नजर पायापुढच्या दोन हातांवर असते. घसारा, कातळ, कारवीच्या काटक्या, पुन्हा घसारा. डोक्यात बोलणारं कुणी उरलेलं नसतं. तुम्हाला माहीत आहे, मी दिवसा पुस्तकांची पानं लावते आणि रात्री शाईने डोंगर काढते. दोन वर्षांपूर्वी तोरण्याचं एक चित्र दीड महिना अडून बसलं होतं. कड बरोबर होती, फोटोशी ताडून पाहिली होती, तरी डोंगर पुठ्ठ्याचा वाटायचा. एका रविवारी खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडला, पुढच्या चढाला लागले, आणि हाताला जे कळत नव्हतं ते मांड्यांना कळलं. ती कड एका दमात चढतच नाही. मध्ये तीनदा थांबते, माणसासारखी कमरेवर हात ठेवून. घरी येऊन आंघोळीच्या आधी बसले आणि टाक तीन ठिकाणी उचलून ती रेघ काढली. चित्र उभं राहिलं.

मग डोंगरात थांबूनच चित्र का काढत नाही, असंही विचारतात. दोनदा प्रयत्न केला. थांबलं की पाच मिनिटांत घाम गार होतो, पाय आखडतात आणि कागदावर हाताचा ओला ठसा उमटतो. शिवाय थांबून पाहिलं की मी पुन्हा फोटोसारखंच बघते.

कंटाळ्यावर उपाय करून पाहिला नाही असंही नाही. एका वर्षी कानात इअरफोन घालून पळायला लागले. डोंगरवाटांवरच्या एका मोठ्या ट्रेल शर्यतीत इतिहासावरची एक गप्पा-मालिका ऐकत छान उतरत होते. अफझलखान वाईपर्यंत पोचला तेव्हा माझ्या लक्षात आलं की बराच वेळ झाडांना बांधलेल्या फिती दिसलेल्या नाहीत. मी भलतीच सोंड पकडून दोन किलोमीटर खाली आले होते. परत चढताना सगळा इतिहास उतरला. कट-ऑफ, म्हणजे पोचायची ठरलेली वेळ, चुकला आणि नावापुढे डीएनएफ, म्हणजे 'शर्यत पूर्ण केली नाही', लागलं. चूक शंभर टक्के माझी. पण त्या वर्षात आणखी एक गोष्ट घडली, ती माझ्या उशिरा लक्षात आली. वर्षभरात मी एकही धड चित्र काढलं नव्हतं. तास भरून निघत होते आणि डोकं रिकामं व्हायला जागाच मिळत नव्हती. इअरफोन आता मुलीकडे आहेत.

याला थोडा शास्त्राचा आधारही आहे. २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्त्झ यांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. माणसं बसलेली असताना आणि चालत असताना त्यांना नव्या कल्पना किती सुचतात, हे त्यांनी मोजलं. चालताना सरासरी साठेक टक्के जास्त सुचल्या. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. काही जणांना बंद खोलीत, कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालवलं होतं आणि त्यांनाही सुचलं. म्हणजे झाडं, पक्षी, सूर्योदय ही सगळी वरची सजावट. मात्र एकच नेमकं उत्तर शोधायचं असलं, तर चालण्याचा काही फायदा दिसला नाही, उलट किंचित तोटाच. हेही मला पटतं. रेघ डोंगरात सुचते, पण ती कागदावर नेमकी कुठे बसवायची हे टेबलाशीच ठरतं. माझ्या पळण्यामुळे माझी चित्रं चांगली होतात असं कुणी म्हणालं की मी म्हणूनच गप्प बसते. वाईट चित्रंही मला पळतानाच सुचलेली आहेत.

अर्थात यासाठी स्टॅनफर्डला जायची गरज नव्हती. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण आपल्याकडे किती जुनी आहे कोण जाणे. तिच्यातला क्रम बघा. आधी जातं, मग ओवी. पहाटे अंधारात उठायचं, पायलीभर जोंधळा समोर, तीच खुंटी, तोच गोल फेरा, खांदा भरून आलेला. ह्या बायकांनी कंटाळ्यातून किती रचलं याचा थांग मला हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या कामाबद्दल वाचलं तेव्हा लागला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. रचणाऱ्यांपैकी कित्येकींना लिहिता येत नव्हतं.

वेल्ह्याच्या बाजूला एका वाडीत एक आजी मला ताक देतात. पहिल्यांदा मला पळताना पाहून त्यांनी विचारलं होतं, "कुनाच्या मागं लागलीयास, का तुझ्या मागं कोन लागलंय?" कुठे जायचंय म्हणाल्या, तर मी सांगितलं की कुठे नाही, फिरून परत गाडीपाशीच. त्या इतक्या हसल्या की ताक सांडलं. "मंग गेलीसच कशाला?" मी एकदा त्यांना ओव्या येतात का विचारलं. म्हणाल्या, "लई यायच्या. आता गिरन आली. जात्यावर बसल्याबिगर आठवत न्हाईत बघ." मी म्हटलं, मग बसू या की एकदा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझंच हसू आलं. चाळीस वर्षं दळलेल्या बाईला मी हौस म्हणून दळायला बोलवत होते. त्यांचा कंटाळा पोटासाठी होता आणि त्याला सुट्टी नव्हती. माझा मी पेट्रोल जाळून, दीडशे रुपयांचा टोल आणि नाश्ता करून विकत घेते. हा फरक मी विसरू नये म्हणून त्या ताकाचे पैसे घेत नाहीत की काय, असं मला कधीकधी वाटतं.

विकतच्या कंटाळ्याची राजधानी मात्र न्यूयॉर्कमध्ये आहे. क्वीन्स भागात एका शाळेच्या भोवतीच्या फुटपाथवर ३,१०० मैलांची शर्यत होते. एक फेरा ८८३ मीटरचा, असे ५,६४९ फेरे, मुदत ५२ दिवस. रोज सुमारे ९६ किलोमीटर, तेही त्याच त्या कुंपणाभोवती. ती १९९७ साली सुरू केली श्री चिन्मय या बंगाली गृहस्थांनी, जे स्वतः चित्रं काढायचे आणि गाणी रचायचे. मी हे वाचलं तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. जायची इच्छाही झाली नाही, हेही खरं. मला निदान कातळ बदललेला लागतो.

आता ज्या माणसासाठी हे सगळं लिहायला बसले त्याच्याकडे येते. माझ्या टेबलासमोर एका जुन्या छायाचित्राची प्रत लावलेली आहे. ४ जून १९२४, एव्हरेस्टची उत्तर बाजू, उतरत्या कातळावरून पुढे निघालेला एकटा माणूस. तो ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड नॉर्टन. त्या दिवशी तो प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय ८,५७२ मीटरपर्यंत गेला. त्याच्याहून वर नळकांड्याविना जायला माणसाला १९७८ साल उजाडावं लागलं. फोटो काढणारा त्याचा सोबती हॉवर्ड सॉमरवेल. खोकल्याने घसा सोलवटल्यामुळे तो खालीच थांबला होता.

सॉमरवेल इंग्लंडच्या केंडल गावचा, पेशाने शल्यविशारद. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोम इथल्या लढाईत जखमींवर शस्त्रक्रिया केलेला. तो चित्रं काढायचा आणि त्याला संगीताचंही अंग होतं. एव्हरेस्टच्या १९२२ आणि १९२४ अशा दोन्ही ब्रिटिश मोहिमांत तो होता. त्या काळी एव्हरेस्टला जायचं म्हणजे दार्जिलिंगहून सिक्कीम आणि मग तिबेटच्या माळावरून पाचेक आठवडे चालायचं. वारा, धूळ, तट्टू, पुन्हा वारा. त्या मोहिमांत त्याने चित्रं काढली आणि तिबेटी लोकांची गाणी ऐकून त्यांच्या चाली स्वरलिपीत उतरवून घेतल्या. इतिहासाला शिखर लागतं, म्हणून आपण त्याचे आकडे पाठ करतो. मला त्या पाच आठवड्यांच्या माळाचं जास्त अप्रूप आहे.

तोच माणूस १९२२ ची मोहीम संपल्यावर भारतात फिरला, त्रावणकोरमधल्या नेय्यूरचं मिशन रुग्णालय पाहिलं आणि तिथेच काम करायचं ठरवलं. हे नेय्यूर आता तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. पुढे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलंही. त्याच १९२२ साली ७ जूनला हिमकडा कोसळून सात हमाल गेले होते आणि सॉमरवेल त्या चढाईत होता. या दोन गोष्टी जोडायचा मोह होतो. मी जोडत नाही, फक्त शेजारी ठेवते.

तर ४ जूनच्या संध्याकाळी दोघं उतरत होते. अंधारून येत होतं, दोर सोडलेला होता, नॉर्टन पुढे, सॉमरवेल मागे. खोकल्याची उबळ आली आणि घशात काहीतरी अडकलं. श्वास आत जाईना, बाहेर येईना. हाक मारायला आवाज नाही. तो बर्फात बसला, मरायला. शेवटी दोन्ही हातांनी छाती दाबून जोर केला आणि अडकलेलं बाहेर पडलं. ती त्याच्याच घशाची आतली त्वचा होती. मग रक्त थुंकत तो उठला आणि चालू लागला.

आणि पुढे गेलेला नॉर्टन? तो स्वतःही चित्रकार, जलरंगात चांगला हात. त्याच्या लक्षात आलं होतं की सॉमरवेल मागे पडलाय. पण त्याला वाटलं, मावळतीचा उजेड शिखरांवर पसरलाय, तर हा थांबून चित्र काढत असेल नाहीतर फोटो घेत असेल. म्हणून तो चालत राहिला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायले. त्याला हयगय म्हणायला माझं मन धजत नाही. इतक्या उंचीवर, इतक्या थकव्यात सोबती मागे राहिला तर मनात पहिलं 'चित्र काढत असेल' यावं, म्हणजे तो इतके आठवडे नॉर्टनसमोर किती वेळा तसा मागे राहिला असेल! रोजच्या त्या लांबलचक चालीत त्यांनी एकमेकांची ही सवय पाठ केली होती, आणि त्याच सवयीमुळे एकजण मरायच्या बेतात असताना दुसरा चालत राहिला.

गेले चार महिने मी हा प्रसंग काढायला बघतेय. बसलेला सॉमरवेल जमला, उतार जमला, मावळतीचा उजेड शाईत जेवढा जमायचा तेवढा जमला. नॉर्टनची पाठ जमत नाही. चौदा कागद झाले. एकात तो निष्काळजी दिसतो, एकात हुतात्मा, एकात पोस्टमन. वळून न बघणाऱ्या माणसाच्या पाठीवर भरवसा कसा काढायचा, ते टेबलाशी बसून सुटत नाही, एवढं कळलंय.

म्हणून या रविवारीही बूट चिखलाने भरलेले असतील. लिफ्टमध्ये भेटलात तर सांभाळून उभ्या राहा, साडीला लागेल.