सिएटल ते न्यूअर्क, सोबत दोन लिटर दूध, लेक घरी

आधीच सांगते, बाळासाठी काढलेलं स्वतःचं दूध विमानानं घरी आणायचं असेल तर सिक्युरिटीला घाबरू नका, हॉटेलच्या फ्रीजला घाबरा. मला सगळ्यांनी नेमकं उलटं सांगितलं होतं.

ऑफिसच्या कामाला सिएटलला तीन रात्री, सात महिन्यांची लेक न्यू जर्सीत सासूबाईंजवळ. जाताना दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणि दूध काढायचा पंप, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

बुकिंगमध्ये 'खोलीत फ्रीज' लिहिलेलं म्हणून मी निर्धास्त. तो निघाला मिनीबार, कोल्ड्रिंक ठासून भरलेला, वर बाटली हलवली तरी बिल लागेल असा कागद चिकटवलेला. स्वतःचं काही ठेवायचं तर वेगळा फ्रीज, रोजचे 25 डॉलर! दिले, करता काय. त्यात थर्मामीटर ठेवला तर 9 डिग्री, दुधाला हवं 4 किंवा खाली. नॉब फिरवत बसले, रात्री कुठे 4 वर आला, तोवर दूध कूलर बॅगेत. थर्मामीटर न्याच, हातानं गार लागणं काही खरं नाही.

फ्रीजला फ्रीझर नाही, म्हणून आईसपॅक रिसेप्शनला दिले, किचनच्या फ्रीझरमध्ये ठेवतो म्हणाले. शेवटच्या दिवशी सातची फ्लाईट, पहाटे साडेचारला खाली आले तर किचनला कुलूप आणि किल्ली सहाला येणाऱ्या माणसाकडे. चौदा पिशव्या घेऊन लॉबीत उभी, रडायचीच बाकी होते. शेवटी रात्रपाळीच्या पोरानं दुसऱ्या मजल्यावरचं आईस मशीन दाखवलं, झिपलॉकमध्ये बर्फ भरला, पिशव्या आडव्या ठेवून मधेमधे कोंबला. आईसपॅक तिथेच राहिले, राहूदेत. तुम्ही आदल्या रात्रीच परत मागून घ्या आणि झिपलॉक डझनभर न्या.

सिक्युरिटीला कूलर बाहेर काढून रांगेतच सांगून टाकलं. अमेरिकेत आईच्या दुधाला 100 मिलीची मर्यादा नाही, बाळ सोबत नसलं तरी चालतं, दुधासाठीचा बर्फ अर्धा वितळलेला असला तरी जाऊ देतात. पिशव्या उघडू नका म्हटलं तर उघडत नाहीत, मग तुमची झडती जरा जास्त होते. माझी दहा मिनिटं गेली. दूध चेक-इन बॅगेत टाकायचा विचारसुद्धा नको, बॅग हरवली की संपलं. हे सगळं अमेरिकेतल्या अमेरिकेत हां, भारतात येताना हा नियम धरून चालू नका.

विमानात एकदा बर्फ मागितला, लगेच दिला. घरी पोचायला बारा तास झाले, थर्मामीटर 4 वर. फ्रीजमधलं दूध चार दिवसच चालतं, त्यामुळे पहिल्या दिवसाच्या पिशव्या त्याच रात्री लेकीला, बाकीच्या फ्रीझरला. सासूबाईंनी एक उघडून वास घेतला, "चांगलंय गं" म्हणाल्या, तेव्हा मी सोफ्यावर आडवी झाले.

मेडिकल कारण आहे म्हटलं तर बरीच हॉटेलं फ्रीजचे पैसे घेत नाहीत, हे मला घरी आल्यावर कळलं. 75 डॉलर परत मागणारी मेल पाठवलीय, अजून उत्तर नाही.