भिंतीवर राहिलेले पहिले काम

कलाशिक्षण संपल्यानंतर मला मिळालेले पहिले मोठे काम म्हणजे एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या वाचनकक्षातील भित्तिचित्र. ते आजही तिथे आहे, त्याच्या कोपऱ्यात माझी ठळक सही आहे, आणि त्या कक्षात जाण्याची वेळ आली की मला अजूनही मनापासून संकोच वाटतो. या संकोचाबद्दल सहकलावंतांशी अनेकदा बोलणे झाले आहे; परंतु त्या बोलण्यात जे नेहमी अर्धवट राहते ते नीट मांडावे, म्हणून हे लिहीत आहे.

आधी चित्राबद्दल. एक स्त्री खिडकीशी बसून वाचते आहे, तिच्या मांडीवर पुस्तक उघडे आहे आणि मागे दोन मुले उभी आहेत. स्त्रीच्या उजव्या हाताचे कोपर एका दिशेला वळलेले आहे आणि मनगट दुसऱ्याच दिशेला, त्यामुळे तो हात मध्येच पिळल्यासारखा दिसतो. खिडकी चित्राच्या डाव्या बाजूला आहे, आणि तरीही मुलांच्या चेहऱ्यांची खिडकीकडची बाजूच सावलीत आहे. कारण मुलांचे चेहरे वेगळ्या छायाचित्रावरून घेतले होते आणि स्त्री वेगळ्या. चौकटी आखून रेखांकन भिंतीवर मोठे करताना प्रत्येक आकृती आपापल्या जागी बरोबर उतरली, पण त्या आकृत्यांना एकाच खोलीत आणणारा प्रकाश मात्र कुठेच उतरला नाही. जिथे जिथे दोन आकारांचा सांधा जमला नाही, तिथे तिथे जाड काळी बाह्यरेषा ओढलेली आहे. ती तेव्हा शैली म्हणून ओळखली गेली. आज मला तिच्यात फक्त झाकलेले सांधे दिसतात.

त्या वेळी मला हे जमत नव्हते, एवढेच सांगून भागत नाही. त्या वेळी मला हे दिसतच नव्हते. परांचीवरून खाली उतरून, दहा पावले मागे जाऊन मी ते चित्र पूर्ण समाधानाने पाहिले होते. नजर वाढत जाते तसे आपले जुने काम आपल्यासाठी बदलत जाते, आणि भिंतीवरचे चित्र मात्र होते तसेच राहते. संकोच निर्माण होतो तो या दोहोंमधल्या अंतरातून. लेखकाचे पहिले पुस्तक आवृत्ती संपली की हळूहळू बाजारातून नाहीसे होते, गायकाचे जुने ध्वनिमुद्रण ऐकायचे तर कुणीतरी ते मुद्दाम लावावे लागते. भित्तिचित्राला ही सवलत नाही. ते न मागता दिसत राहते, आणि माझे नंतरचे एकही काम न पाहिलेली माणसे त्यावरूनच मला ओळखतात.

“तो तुझ्या वाटचालीचा भाग आहे, त्यात लाज कसली?” असे प्रेमाने सांगणारी माणसे मला भेटतात. त्यांच्या प्रेमाबद्दल कृतज्ञता आहे, पण हे सांत्वन मला पटत नाही. तो हात चुकीचा आहे. तो वाटचालीचा भाग आहे म्हणून बरोबर होत नाही. संकोच हा माझ्या लेखी त्या चित्रावरचा एक योग्य अभिप्राय आहे, आणि मन शांत व्हावे म्हणून तो अभिप्राय बदलला, तर आजच्या कामाकडे कठोरपणे पाहण्याची सवयही त्याबरोबर सैल होईल अशी मला भीती वाटते. माझ्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे: हा अभिप्राय जवळ बाळगून त्या चित्राचे काय करण्याचा मला अधिकार आहे?

जुने काम नष्ट करणाऱ्या कलावंतांची परंपरा मोठी आहे. क्लोद मोनेने 1908 मध्ये, प्रदर्शन तोंडावर आलेले असताना, कमळतळ्याची किमान पंधरा चित्रे स्वतः नष्ट केली. जॉन बाल्डेसारीने 1953 ते 1966 या काळातली, त्याच्याकडे उरलेली चित्रे 1970 मध्ये अग्निसंस्कार करावा तशी जाळून टाकली. फ्रान्सिस बेकनने आपल्या सुरुवातीच्या कामांपैकी बहुतेक सगळे नष्ट केले आणि आपली कारकीर्द 1944 च्या तीन फलकांच्या चित्रापासून धरली जावी असा आग्रह ठेवला. 1933 चे त्याचे एक क्रूसारोहणाचे चित्र मात्र तेव्हाच विकले गेले होते, म्हणून ते वाचले. या सगळ्या उदाहरणांमध्ये एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जे नष्ट झाले ते बहुतांशी कलावंताच्या स्वतःच्या ताब्यात होते. जे दाराबाहेर पडले होते, त्याच्यापर्यंत सुरी पोहोचली नाही.

फ्रेंच चित्रकार जॉर्ज रुओच्या बाबतीत तर ही रेषा न्यायालयानेच आखून दिली. आंब्रोआझ व्होलार हा त्याचा विक्रेता 1939 मध्ये वारला, आणि रुओची शेकडो अपूर्ण चित्रे त्याच्या वारसांकडे राहिली. रुओने दावा लावला आणि 1947 मध्ये तो जिंकला: कलावंताने पूर्ण करून सोपवलेले नाही ते अजून त्याचेच आहे, हे मान्य झाले. पुढच्या वर्षी त्याने त्यांतली 315 चित्रे साक्षीदारांसमक्ष जाळली, कारण ती पूर्ण करण्याएवढे आयुष्य आता हाती नाही असे त्याला वाटत होते. व्होलारच्या हातून आधीच विकली गेलेली चित्रे मात्र त्याला परत मिळाली नाहीत. मला हा निवाडा कायदा म्हणून जितका पटतो, तितकाच नीती म्हणूनही पटतो. स्टुडिओच्या आत माझा शब्द अंतिम आहे, आणि काम सोपवले की तो अंतिम राहत नाही.

आपल्याकडचा कायदाही साधारण याच बाजूने उभा आहे. 1957 च्या प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) अधिनियमाचे कलम 57 कलाकृतीची मोडतोड किंवा विद्रूपीकरण झाल्यास कलावंताला दाद मागू देते. विज्ञान भवनातून 1979 मध्ये काढून टाकलेल्या भित्तिशिल्पाबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये निकाल दिला तो याच कलमाच्या आधारे. परंतु आपली कृती प्रदर्शित केली नाही, किंवा आपल्या मनासारखी प्रदर्शित केली नाही, एवढ्यावरून हक्कभंग होत नाही, असेही तेच कलम स्पष्ट करते. कृतीचे रक्षण करण्याचा हक्क मला आहे. ती लोकांच्या नजरेतून मागे घेण्याचा नाही.

हा सगळा विचार मला नेटाने करावा लागला तो ग्रंथालयाने दुरुस्तीबद्दल विचारले तेव्हा. खालच्या पट्ट्यात ओल आल्यामुळे रंगाचे पापुद्रे सुटले आहेत. ते काम मी करावे, आणि “हात लावतच आहात तर काही सुधारायचे असेल तेही सुधारून घ्या,” असे त्यांनी अतिशय आपुलकीने सुचवले. तो मोह किती मोठा आहे हे चित्रकारांना सांगायला नको. पिएर बोनारबद्दल असे सांगतात की संग्रहालयात टांगलेल्या स्वतःच्या चित्रावर त्याने गुपचूप रंगाचे फटकारे मारले, आणि तोवर त्याच्या मित्राने पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवून ठेवले. मला तर रीतसर परवानगीच मिळत होती.

मी कागदावर तो हात पुन्हा काढून पाहिला. तो सहज आला, आणि आल्याबरोबर बाकीचे चित्र त्याच्या भोवती कोसळू लागले. बरोबर वळलेल्या मनगटाशेजारी ते खांदे चालेनात. खांदे बदलले तर मान, मान बदलली तर चेहऱ्यावरचा प्रकाश, आणि प्रकाश बदलला की मागची मुलेही नव्याने काढणे आले. एक अवयव दुरुस्त करणे शक्यच नव्हते. शक्य होते ते संपूर्ण चित्र पुसून दुसरे काढणे. त्या चित्रातल्या चुका एकमेकींना धरून आहेत, कारण त्या सगळ्या एकाच अपुऱ्या नजरेतून आल्या आहेत, आणि चित्राला जी काही एकसंधता आहे ती त्यांच्यामुळेच आहे. हे मला कागदावर करून पाहण्यापूर्वी कळले नव्हते.

जतन करणारे तज्ज्ञ एक नियम पाळतात: नवा रंग फक्त जिथे मूळ रंग गेला आहे तिथेच भरायचा, शाबूत असलेल्या रंगावर चढवायचा नाही, आणि भरलेला भाग पुढे कुणाला काढता यावा असे साहित्य वापरायचे. दुसऱ्याच्या चित्रावर काम करताना मी हा नियम निमूटपणे पाळते. स्वतःच्या चित्रावर तो पाळायचा, असे मी ठरवले आहे.

पाहणी करताना आणखी एक गोष्ट दिसली. मांडीवरच्या त्या उघड्या पुस्तकाच्या पानांवर, लहान मुलांचा हात पोहोचेल त्या उंचीवर, रंग हाताळून हाताळून गुळगुळीत झाला आहे. बाकी पृष्ठभाग मंद आणि कोरडा, तेवढाच भाग चमकतो. मी त्या पानांवर अक्षरांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा ओढल्या होत्या. मुलांनी त्यांवरून बोट फिरवत काय वाचले असेल ते मला माहीत नाही, पण तो भाग मी तसाच ठेवणार आहे. त्यामुळे तो हात अधिक चांगला ठरत नाही. त्या भिंतीवर माझ्याखेरीज इतरांचाही हक्क साचलेला आहे, एवढे मात्र त्यावरून मला नक्की कळते.

मी ग्रंथालयाकडे मागणी केली ती एकाच गोष्टीची. चित्राखाली काही काळापूर्वी नवी पितळी पाटी लावलेली आहे. तिच्यावर माझे नाव आहे, नंतर मिळालेल्या मानसन्मानांचा उल्लेख आहे, आणि चित्र केव्हाचे आहे हे कुठेच नाही. ती वाचणाऱ्याला हे काम कालपरवाचे वाटते. कलावंताला आपले जुने काम मागे घेता येत नसेल, तर ते जुने आहे असे सांगितले जाण्याचा हक्क तरी त्याला असावा, असे माझे ठाम मत आहे, आणि सार्वजनिक इमारतींमधल्या किती कलाकृतींखाली साल लिहिलेले नसते ते पाहिले की या मताला अधिकच जोर येतो. पाटी बदलून द्यायला ते तयार झाले आहेत. नव्या पाटीवर मानसन्मान नसतील. चित्राचे शीर्षक, माध्यम, माझे नाव आणि पूर्ण झाल्याचे साल असेल, आणि त्याखालच्या ओळीत दुरुस्तीचे साल व दुरुस्त केलेल्या पट्ट्याची जागा वेगळी नोंदलेली असेल.