डिझेलच्या पावत्या आणि ब्रुसेल्सचा फॉर्म

जळगाव एमआयडीसीत आमचं बोल्टचं युनिट आहे. थेट निर्यात आम्ही करत नाही. पुण्याच्या एका निर्यातदाराला माल देतो, तो जर्मनीला पाठवतो. हिशोब, जीएसटी, कामगारांचा पीएफ असं सगळं माझ्या टेबलावर. ऑगस्ट 2024 मध्ये एका सकाळी त्यात युरोपचं हवामान धोरणही येऊन पडलं.

पुण्याहून एक्सेल फाइल आली, वर निरोप: "शुक्रवारपर्यंत भरून द्या, नाहीतर पुढची ऑर्डर अडकेल." सीबॅम, म्हणजे युरोपचा सीमेवरचा कार्बन कर. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं असा माल बाहेरून आणायचा, तर तो बनवताना किती कार्बन डायऑक्साइड सुटला ते आयातदाराने सांगायचं. ऑक्टोबर 2023 पासून नुसती माहिती, 2026 पासून पैसे. जुलै 2024 अखेरपर्यंत युरोपियन कमिशनने दिलेले ठरीव आकडे टाकून भागत होतं. ती सवलत संपली आणि फाइल घरंगळत आमच्यापर्यंत आली.

सुरुवातीलाच कारखान्याचे अक्षांश-रेखांश. मी मोबाइल घेऊन गेटबाहेर उभा राहिलो. वॉचमनला वाटलं रेंज शोधतोय. खरी कसरत डिझेलची होती. हार्डनिंगची भट्टी डिझेलवर चालते आणि पंपावर खातं एकच. त्यात भट्टी, जनरेटर आणि शेठची बोलेरो, सगळं एकत्र. फॉर्मला गाडीचं नको, भट्टीचं हवं. पावत्यांचा गठ्ठा घेऊन भट्टीवरच्या नानांकडे गेलो. नाना अमळनेरकडचे. त्यांनी रोजचे कॅन भिंतीवर खडूने मांडून ठेवले होते, पाचवी रेघ आडवी. स्टोअरच्या रजिस्टरपेक्षा तो हिशोब चोख निघाला. लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, असं मी गुणत बसलो, तर नाना म्हणाले, "आते धूरनाबी हिसाब देना पडी का भो?"

पण मोठा आकडा आमच्या भट्टीत नव्हताच. बोल्टचा बहुतेक धूर वायर रॉड, म्हणजे ज्यातून बोल्ट घडतो ती पोलादाची सळई, बनतानाच निघून गेलेला असतो. कोळशाच्या झोतभट्टीतलं पोलाद असेल तर टनामागे दोन टनांहून जास्त. भंगार वितळवलेलं असेल तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. आपला रॉड कुठला? डीलरला फोन लावला. "कार्बन? टेस्ट सर्टिफिकेटवर छापलेला आहे की!" हीट नंबर, कार्बनचे टक्के, मँगनीज, सगळं होतं, हवं ते नव्हतं. रॉड बनवणाऱ्या मिलला मेल टाकला, उत्तर नाही.

दुपारी शेठ येऊन बसले. "2026 ला पैसे कोणाच्या खिशातून?" कागदावर आयातदाराच्या. तो पुण्यावाल्याचा भाव पाडणार आणि पुण्यावाला आमचा, हे काय सांगायला हवं! या कराला विरोध करताना भारत बोट दाखवतो ते 1992 च्या हवामान करारावर: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, हवामानाच्या नावाखाली व्यापारात मनमानी आडकाठी नको, हेही त्यातच आहे. युरोप म्हणतो, आमचे कारखाने कार्बनचे पैसे मोजतात, बाहेरच्यांना फुकट का? मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण भारतीय माणसामागे वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आणि अमेरिकन माणसामागे चौदाएक टन असताना नानांच्या कॅनची झडती आधी व्हावी, हे काही गळी उतरत नाही. अर्थात मी भुसावळचा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की करारातली कलमं आठवत नाहीत.

शेठना तोडगा सुचला: शेडवर सोलर टाकू. मी नियम वाचून दाखवला. 2026 पासून पोलादाच्या मालात विजेचा कार्बन धरणारच नाहीत. युरोपातल्या पोलाद कारखान्यांना महाग विजेची भरपाई तिथली सरकारं देऊ शकतात, म्हणून बाहेरच्यांकडूनही तो हिशोब नाही. सोलरने फॉर्ममधला आकडा हलणार नाही. उलट भट्टी डिझेलवरून विजेवर नेली तर तिचा धूर कागदावर शून्य. वीज मात्र ग्रिडचीच, युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडणारी, आणि त्या ग्रिडला दीपनगरचं केंद्र कोळसा जाळूनच वीज देतं.

"म्हणजे धूर तुमच्या भुसावळला आणि शाबासकी आपल्याला?"

"तसंच."

"सोलरने बिल तरी कमी होईल ना?"

"होईल."

"मग कोटेशन मागव. आणि डीलरला सांग, मिलचा आकडा देईल त्याचाच रॉड घेऊ."

शुक्रवारी फाइल गेली. रॉडच्या रकान्यात ठरीव आकडा, खाली टीप: मिलकडून माहिती मिळालेली नाही. पुण्याहून उत्तर आलं, या वेळी चालवून घेतो, पुढच्या तिमाहीत नाही. 2025 मध्ये युरोपने वर्षाला 50 टनांपर्यंत माल आणणाऱ्या आयातदारांना सूट दिली. आमचा जर्मन गिऱ्हाईक त्याहून जास्त आणतो. सोलर लागलं, भट्टी अजून डिझेलवरच आहे.